मॅडमच्या माघारी

नमस्कार मंडळी.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आठवणीतलं नागपूर' असं छापलं आहे. बर्डी, फुटाळा, तर्री-पोहे, खसच्या ताट्यांचा वास, हे सगळं तुमच्याकडेही माझ्याइतकंच आहे. म्हणून आज मी एकाच बाईंबद्दल बोलणार आहे. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मागच्या महिन्यात गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेले काही जण इथे समोर बसलेत. माझं काही राहिलं तर त्यांनी नंतर सांगावं.

बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली. रात्री जेवताना मी घरी सांगितलं, तर माझी लेक म्हणाली, "मग त्यांच्या घरून कोण रडलं?" मी सांगायला लागले, अगं, त्यांनी लग्न केलं नव्हतं, त्या आधी नन होत्या. ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

मॅडमची हकिगत आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. कोवळ्या वयात त्या कॉन्व्हेंटमध्ये गेल्या, व्रतं घेतली, तिथल्याच शाळेत शिकवू लागल्या. पुढे 1962 ते 1965 ची व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा झाली, चर्चमध्ये बरंच काही ढवळून निघालं, आणि नंतरच्या वर्षांत जगभर हजारो धर्मभगिनी मठातून बाहेर पडल्या. मॅडम त्यांतल्या एक. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मठाबद्दल वावगा शब्दही काढला नाही. रविवारची मिस्सा शेवटपर्यंत चुकवली नाही.

पण बाहेर पडणं म्हणजे काय, ते ऐका. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या सिस्टरचा पगार तिचा नसतो, तो संस्थेचा. सोडून जाताना केलेल्या कामाचं काही मागता येत नाही. कॅथलिक चर्चच्या आजच्या, म्हणजे 1983 च्या धर्मसंहितेतलं कलम 702 हेच सांगतं. अशा व्यक्तीशी संस्थेनं न्यायानं आणि प्रेमानं वागावं, असंही त्यातच पुढे आहे. म्हणजे तिशी ओलांडलेली, एम.एस्सी. झालेली बाई, आणि स्वतःच्या नावाचं बँकेत खातं नाही. कॉलेजात नोकरी लागली तेव्हा एका सहकारी बाईंनी त्यांना साडी घ्यायला बर्डीवर नेलं. दुकानदार विचारतोय, कोणता रंग दाखवू? मॅडमना सांगता येईना. इतक्या वर्षांत तसं कुणी विचारलंच नव्हतं. ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. मला ऐकताना कधी हसू आलं नाही.

आणि शिकवणं! छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावची सहल आठवते? लाव्हाच्या थरांमध्ये दबलेला तळ्यांचा गाळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बिरबल साहनींनी जिथल्या जीवाश्मांवर काम केलं, ती जागा. आम्हाला दिसायचे नुसते काळपट दगड. मॅडम उकिडव्या बसायच्या, बाटलीतलं पाणी दगडावर ओतायच्या, भिंग आमच्या हातात द्यायच्या. ओल्या दगडात खोडाचा आडवा छेद उमटायचा, पेशीन् पेशी वेगळी. परतीच्या बसमध्ये स्टीफन हिस्लॉपची गोष्ट. हा स्कॉटिश मिशनरी नागपूरच्या आसपासच्या दगडांत जीवाश्म शोधत हिंडला आणि 1863 मध्ये ओढ्याच्या पुरात वाहून गेला. "त्याला प्रार्थना आणि दगड वेगळे वाटले नसतील," मॅडम म्हणायच्या. त्या स्वतःबद्दल बोलताहेत, हे तेव्हाही कळायचं.

गडचिरोली, गोंदियाकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुली लॅटिन नावांना घाबरायच्या. मॅडम त्यांच्या जर्नलमध्ये प्रत्येक नावाखाली पेन्सिलनं देवनागरीत उच्चार लिहून द्यायच्या. व्हायवाच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये मोठ्यानं म्हणून घ्यायच्या. ज्यांना पाठ झालं, त्यांनी ते खोडायचं.

लेकीच्या प्रश्नाकडे येते. अंत्यविधीला नागपुरातल्या काही माजी विद्यार्थिनी होत्या, घरमालकांचं कुटुंब होतं आणि मठातल्या दोन वृद्ध सिस्टर होत्या. त्या दोघी फार रडल्या, असं मैत्रिणीनं सांगितलं. मी ते लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही सगळे?"

मंडळी, रागावू नका. पाच सप्टेंबरला आपण ग्रुपवर फुलांची चित्रं टाकतो. डिसेंबरात नागपूरला जातो, लग्नं उरकतो, हुरडा खातो, संत्रा बर्फीचे डबे बांधून आणतो. धरमपेठेत नाहीतर सदरमध्ये दोन खोल्यांत राहणाऱ्या आपल्या बाईंच्या दाराची बेल वाजवायला मात्र वेळ उरत नाही. ज्यांना मुलंबाळं नाहीत, त्यांच्याबाबतीत आपण असं धरून चालतो की त्यांना कुणाची वाटही पाहायची नसते.

आणखी एक गोष्ट मला झोपू देत नाही. कॉलेजांत आता कितीतरी जागांवर तासिका तत्त्वावर माणसं आहेत. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. अशा मास्तरानं पाचनंतर लॅब उघडी ठेवून उच्चार पाठ करून घ्यावेत, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि नाही म्हटलं, तर गडचिरोलीच्या त्या मुलीनं कुठे जायचं? मला उत्तर सापडलेलं नाही.

मॅडमच्या खोलीत त्यांनी जमवलेले जीवाश्म आहेत, काचेच्या स्लाइड आहेत, वह्या आहेत. घरमालक चांगले आहेत, पण त्यांनाही खोली रिकामी करायची आहे, आणि हे सगळं कुणाच्या स्वाधीन करायचं ते त्यांना कळत नाही. ग्रुपवर चर्चा चालू आहे, ठरत काही नाही. तुमच्यापैकी जे डिसेंबरात नागपूरला जाणार आहेत, त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला भेटा. मी दाराजवळच्या टेबलापाशी बसते.