जनरेटर चालू, खिडक्या बंद: कॅरव्हॅनमध्ये धूर शिरतो तरी कुठून?

नमस्कार मंडळी. कॅरव्हॅनला, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीला, किती क्षमतेचा (केव्हीएचा) जनरेटर लागतो, त्याचा आवाज कमी कसा करायचा, हे तुम्ही नेहमी विचारता. त्यावर बोलू कधीतरी. आज मला फक्त त्या जनरेटरचा धूर कुठे जातो हे दाखवायचंय, कारण त्या धुराने माणसं गेली आहेत.

डिसेंबर 2024. केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात वडकरा म्हणून गाव आहे. तिथे हायवेच्या कडेला एक कॅरव्हॅन उभी होती. आत दोघंजण, गाडीचा ड्रायव्हर आणि त्याचा सहकारी. पाहुण्यांना सोडून परत निघाले होते, वाटेत एसी लावून आराम करायला थांबले, आणि नंतर दोघेही गाडीतच मृतावस्थेत सापडले. पुढे कालिकतच्या एनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेतल्या तज्ज्ञांनी त्याच गाडीचा जनरेटर पुन्हा चालवून आतली हवा मोजली. दोन तासांत कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातला विषारी वायू, 957 पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत 957 भाग) गेला होता. आणि तो आत आला कुठून? गाडीच्या तळाला असलेल्या एका भोकातून.

957 म्हणजे किती, हे आधी समजून घेऊ. 400 पीपीएमला एक-दोन तासांत डोकं ठणकायला लागतं. 800च्या आसपास पाऊण तासात चक्कर आणि मळमळ सुरू होते, दोन तासांत शुद्ध हरपते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. जागा असलेला माणूस निदान म्हणेल, "अरे, डोकं जड झालंय, जरा बाहेर जाऊ." झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो.

काहीजण म्हणतात, "धूर आला तर वास येईलच की." वास येतो तो जळक्या इंधनाचा, धुरातल्या इतर घटकांचा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला ना वास, ना रंग. त्यामुळे नाकाच्या भरवशावर राहू नका. डिझेलच्या इंजिनात तो पेट्रोलपेक्षा कमी तयार होतो हे खरं, पण तो धूर बंद खोलीएवढ्या गाडीत तासन् तास साठत राहिला तर "कमी" या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता खरी गोम सांगतो. आपण जनरेटर लावतो कशासाठी? एसीसाठी. आणि एसी लावला की पहिलं काम काय करतो? खिडक्या बंद. म्हणजे धूर सुरू होण्याची वेळ आणि गाडी बंद होण्याची वेळ एकच. त्यात गार वारा लागला की आपल्याला वाटतं हवा ताजी आहे. छतावरचा एसी बाहेरची हवा आणत नाही. आतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. आत जे शिरलं ते फिरतच राहतं.

(कॅमेरा छतावरच्या पंख्याकडे)

हा पंखा बघा. बहुतेक लोक तो आतली हवा बाहेर फेकायला लावतात आणि म्हणतात, व्हेंटिलेशन झालं. पण जेवढी हवा बाहेर गेली तेवढीच कुठून तरी आत येणार. खिडकी उघडी असेल तर खिडकीतून येईल. सगळं बंद असेल तर खालून येईल. वायर जिथून वर घेतलीय तिथून, सिंकच्या पाइपाभोवतीच्या फटीतून, दाराच्या झिजलेल्या रबरातून. आणि खाली काय आहे? जनरेटर. म्हणजे खिडक्या बंद ठेवून हा पंखा लावला, तर आपण स्वतःच धूर आत ओढून घेतो. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आणि ओट्यावरची चिमणीसुद्धा हेच करतात.

तुमच्या गाडीत हवा कुठून शिरते ते शोधायला फार काही लागत नाही. जनरेटर बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, सगळ्या खिडक्या आणि दारं बंद. छतावरचा पंखा बाहेरच्या दिशेने पूर्ण वेगात. आता टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी घ्या. उदबत्ती नको, पेट्रोल आणि गॅसच्या आसपास पेटती वस्तू नकोच. ही पट्टी अशी बोटांत धरून फरशीलगत हळूहळू फिरवायची.

(कॅमेरा सिंकखालच्या कप्प्यात, जवळून)

हे बघा. इथे पट्टी स्थिर आहे. इथेही स्थिर. आणि या काळ्या नालीदार पाइपाजवळ आणली की फडफडायला लागली, बघितलंत? जनरेटरची वायर या पाइपातून वर आलीय. पाइपाच्या बाहेरून सिलिकॉन लावलंय, काम नीट दिसतंय. पण पाइप आतून पोकळ आहे! वायर जाऊन जी जागा उरली, तिच्यातून खालची हवा थेट आपल्या कप्प्यात येतेय. फॅब्रिकेटरकडे बनवलेल्या गाड्यांमध्ये हे कायम आढळतं, कारण इलेक्ट्रिशियन वायर ओढून जातो आणि पाइपाचं तोंड बंद करायचं काम कोणाचंच नसतं. ते तोंड आगीला टिकणाऱ्या सीलंटने बंद करा. पिवळा स्प्रे फोम सायलेन्सरच्या जवळ वापरू नका, तो पेटतो. जनरेटर ज्या कप्प्यात आहे त्याच्या भिंती पत्र्याच्या हव्यात, आणि त्याचं तोंड फक्त गाडीच्या बाहेर उघडायला हवं. पलंगाखालून त्या कप्प्यात हात जात असेल, तर हवाही येते हे नक्की समजा.

सायलेन्सरच्या पाइपाबद्दल थोडक्यात सांगतो. त्याचं तोंड बॉडीच्या कडेच्या बाहेर आलेलं असावं, गाडीच्या पोटाखाली संपता कामा नये. वर खिडकी किंवा दार नको. जोडांवर काजळी दिसली, म्हणजे फ्लँजभोवती (पाइप जोडणाऱ्या चकतीभोवती) अशी काळी झाक दिसली, की गॅस्केट, म्हणजे जोडातलं सील, गेलंय. आपले रस्ते आणि गाडीची थरथर यांनी क्लॅम्प सैल होतात, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर वाकून बघायलाच हवं. काहीजण धूर छताच्या वर सोडणारा उभा पाइप लावतात. कल्पना चांगली आहे, पण जनरेटरच्या कंपनीने पाइपाची लांबी आणि वळणं किती चालतील ते दिलेलं असतं, ते पाळा. वर त्याचं तोंड पंख्याच्या झाकणापासून लांब ठेवा, नाहीतर खालचा धूर वरून आत यायचा.

सुटा पेट्रोल जनरेटर वापरत असाल तर तो डिकीत ठेवून, दार उघडं टाकून चालवायचा नाही. अमेरिकेतली ग्राहक सुरक्षा संस्था असा जनरेटर घरापासून किमान 20 फूट लांब ठेवायला सांगते, म्हणजे साधारण 6 मीटर, आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. खिडक्या-दारं उघडून काम भागत नाही, हेही ती संस्था बजावून सांगते. गाडीलाही हेच लागू करा. लांब वायर घ्या, चांगल्या जाडीची घ्या.

गाडी लावताना वारा बघा. धुराचं तोंड भिंतीकडे, बांधाकडे किंवा उंच गवताकडे नको. धूर आपटून परत गाडीखाली येतो, आणि सुकं गवत असेल तर पेटतंही. शेजारी कोणाची गाडी आहे तेही बघा. शूटिंगच्या ठिकाणी व्हॅनिटी व्हॅन एकीला एक लागून उभ्या असतात, तुमचा जनरेटर बंद असला तरी शेजारचा तुमच्या खिडकीखाली धडधडत असू शकतो. अमेरिकेत आरव्ही (तिकडची कॅरव्हॅन) भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांनाही हेच सांगेन. योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर जनरेटरच्या वेळाच ठरवलेल्या आहेत: सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. रात्री बंद.

यानंतर अलार्म. फटी बुजवल्या तरी अलार्म हवाच, कारण उद्या नवीन फट पडेल ती आपल्याला दिसणार नाही. स्मोक डिटेक्टर वेगळा, गॅस गळतीचा वेगळा आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा सेन्सर फरशीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेच्याच वजनाचा, सगळीकडे मिसळतो, म्हणून त्याचा अलार्म पलंगाजवळ, झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावा. एसीच्या झोतासमोर नको. विकत घेताना यूएल 2034 (अमेरिकी) किंवा ईएन 50291 (युरोपीय) हे सुरक्षा मानक छापलेलं आहे का बघा. आणि मागची तारीख बघा, कारण आतला सेन्सर म्हातारा होतो. बरेच अलार्म 5 ते 7 वर्षांत बदलावे लागतात. बटण दाबल्यावर वाजला म्हणजे फक्त भोंगा आणि बॅटरी ठीक आहे, सेन्सर ठीक आहे असं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. यूएल 2034 प्रमाणे अलार्म 70 पीपीएमला लगेच ओरडत नाही, एक ते चार तास घेतो. 400ला मात्र 4 ते 15 मिनिटांत वाजायला हवा. म्हणून तो वाजला की "बिघडलाय वाटतं" म्हणून बॅटरी काढायची नाही. सगळे बाहेर. डोकी मोजा, मुलं बाहेर आलीत का बघा. जनरेटर बाहेरून बंद करता येत असेल तरच करा, त्यासाठी परत आत जाऊ नका. 112 किंवा 108 लावा. आणि कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून "98 आहे, काही नाही झालं" असं अजिबात म्हणू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं, आकडा छान दिसतो आणि माणूस हातचा जातो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "गाडीत जनरेटर चालू होता, रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासा." बाहेर आल्यावर डोकेदुखी उतरली, तरी दवाखान्यात जायचंच.

एवढं सगळं करूनसुद्धा माझं ठाम मत आहे: जनरेटर चालू असताना गाडीत कोणी झोपायचं नाही. दिवसा चालवा, बॅटऱ्या भरा, झोपताना बंद. 200 एएचची (अँपिअर-अवर) 12 व्होल्टची लिथियम बॅटरी साधारण अडीच युनिट वीज देते. तिच्यावर पंखे आणि दिवे रात्रभर आरामात चालतात, एसी चालत नाही. एसीच हवा असेल तर प्लगची सोय असलेल्या ठिकाणी मुक्काम करा. महाराष्ट्राच्या 2021च्या कॅरव्हॅन धोरणात वीज-पाणी असलेल्या कॅरव्हॅन पार्कची तरतूद आहे. बुकिंग करताना "रात्रभर वीज मिळेल ना?" हे फोनवर विचारून घ्या.

आणि गाडी भाड्याने देणाऱ्या मालकांनो, घेणाऱ्या कुटुंबांनो, प्रॉडक्शनवाल्यांनो, हे खास तुम्हाला. वडकऱ्याला गेले ते पाहुणे नव्हते, गाडीवर काम करणारी माणसं होती. आपल्याकडे पाहुणे हॉटेलात जातात आणि ड्रायव्हरदादांना सांगतात, "तुम्ही गाडीतच झोपा, एसी आहे की." दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस नाही म्हणत नाही. भाड्याच्या करारात एक ओळ घाला: ड्रायव्हर आणि हेल्परच्या मुक्कामाची खोली भाडेकरू देईल. आणि जनरेटरची चावी रात्री काढून ठेवा.