'मला घरी जायचंय'

श्रोतेहो, नमस्कार.

'मला घरी जायचंय.' स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेंशिया झालेलं वडीलधारं माणूस ज्या घरात आहे, तिथे दिवेलागणीला हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारे बाबा असतात स्वतःच्याच घरात, रोजच्याच खुर्चीत. मुलगा म्हणतो, 'बाबा, हे आपलंच घर आहे.' बाबा म्हणतात, 'मला फसवू नकोस.' मुलगा घराचे कागद काढतो, भिंतीवरचे फोटो दाखवतो. आवाज चढतात. थोड्या वेळाने बाबा दाराची कडी काढायला निघतात.

मुलाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, पण त्या खरेपणाचा इथे काडीचा उपयोग नाही.

का, ते सांगतो. डिमेंशियाच्या दर 10 रुग्णांपैकी सहा-सात जणांना अल्झायमर असतो. 1906 साली डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी या आजाराचं वर्णन पहिल्यांदा मांडलं. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, यात लवकर झिजतो. म्हणून आजोबांना मघाशी जेवल्याचं आठवत नाही, पण शाळेतल्या मास्तरांचं नाव आठवतं. भावनांचं मात्र निराळं आहे. भांडण विसरलं जातं, त्यातून आलेली धास्ती मागे रेंगाळते. आपण वाद जिंकतो आणि पुढचा तासभर बाबा अस्वस्थ असतात. कशामुळे, ते त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून उत्तर द्यायचं ते शब्दांना नव्हे, शब्दांमागच्या भावनेला. 'घरी जायचंय' यात बरेचदा 'मला इथे बरं वाटत नाही' एवढंच असतं. आधी पाहा, भूक लागली आहे का, लघवीची घाई आहे का, काही दुखतंय का, खोलीत अंधारून आलंय का. मग जवळ बसून विचारा, 'घरची आठवण येतेय? कोण कोण असायचं घरी?' पुष्कळदा गाडी त्या गप्पांवर जाते आणि दार विसरलं जातं. दर वेळी नाही, हेही सांगून ठेवतो.

चोरीच्या आरोपाचंही तसंच. 'माझे पैसे सुनेनं घेतले.' दिवसरात्र करणाऱ्या माणसावरच हा आळ येतो, कारण समोर तीच असते. आजींनी पैसे स्वतः जपून ठेवलेले असतात आणि ठेवल्याचं विसरलेलं असतं. 'मी नाही घेतले' म्हणून सुटका होत नाही. 'सापडत नाहीत का? चला, दोघी मिळून शोधू या' म्हणा. उशीचा अभ्रा, साड्यांच्या घड्या, जुन्या चपलांचा खोका अशा ठरलेल्या जागा काही दिवसांत कळतात.

सर्वांत अवघड प्रश्न असतो गेलेल्या माणसाचा. 'तुझी आई कुठे आहे?' दर वेळी 'ती गेली' असं सांगितलं, तर बाबांना दर वेळी ती बातमी नव्यानेच कळते. 'आईची आठवण येतेय ना? तिच्याबद्दल सांगा' एवढं पुरतं. काहींना ही लबाडी वाटते, मला वाटत नाही. मात्र ते स्वतःहून, शांतपणे 'ती गेली ना रे?' म्हणाले, तर नाही म्हणू नका. हात धरून हो म्हणा.

आणि भेटायला येणाऱ्यांनो, 'ओळखलंत का मला?' ही परीक्षा बंद करा. 'काका, मी तुमची पुतणी' असं सांगूनच समोर बसा.

एका बाबतीत मात्र सबुरी नको. दोन-तीन दिवसांत गोंधळ एकाएकी वाढला, झोप उलटी झाली, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता किंवा नवं औषध यामुळेही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. विसरण्याची सुरुवात असेल तेव्हाही बी-12 आणि थायरॉइडच्या तपासण्या व्हायला हव्यात, नैराश्य तर नाही ना हेही पाहायला हवं. यातली काही कारणं उपचारांनी दूर होतात.

आता करणाऱ्या माणसाविषयी. लांबचे नातेवाईक फोनवर म्हणतात, 'अगं, माझ्याशी तर अगदी नीट बोलले, तू उगाच काळजी करतेस.' बोलले असतील. पाहुण्यापुढे किंवा फोनवर थोडा वेळ सावरून बोलणं या रुग्णांना जमतं, त्यात ते दमतात आणि नंतरची चिडचिड घरच्यांच्या वाट्याला येते. तेव्हा फोनवरून सल्ला देण्यापेक्षा दोन दिवस मुक्कामाला या. रात्री उठण्याची पाळी तुम्ही घ्या. आणि करणाऱ्यांनो, 'काही लागलं तर सांग' असं कुणी म्हणालं, की 'बघू' म्हणू नका. लगेच वार आणि वेळ सांगा: 'गुरुवारी दुपारी तीन ते सहा बाबांजवळ बस, मला झोपायचंय.'

नमस्कार.