कोठडीतले दहा मैल

नमस्कार, श्रोतेहो.

विनोबांच्या तुरुंगवासातला एक प्रसंग आहे. त्यांनी स्वतःच तो सांगून ठेवला आहे, आणि मला तो पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

एकदा त्यांना एकांत कोठडीत ठेवलं. लहानशी कोठडी. एका कोपऱ्यात जातं, दुसऱ्या कोपऱ्यात लघवीचं भांडं. हाताला काम नाही, पुस्तक नाही, कागद-पेन्सिलसुद्धा नाही. विनोबांनी काय केलं? दिवस आखून घेतला. दहा तास झोप, दोन-तीन तास ध्यान, तीनेक तास जेवण-आंघोळ आणि आठ तास चालणं. हो, आठ तास! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ताशी दीड मैलाच्या चालीनं, रोज निदान दहा मैल. चालता चालता पाठ असलेली भजनं म्हणायची.

एका रात्री एकच्या सुमारास त्यांच्या अशाच येरझाऱ्या चालल्या होत्या. पहारेकरी फेरीवर आला. त्यानं दार वाजवलं, पण विनोबांचं लक्षच नाही. ते विचारात पार बुडालेले. तो घाबरला. कैद्याला काही झालं तर नाही ना? आत आला आणि त्यानं त्यांना धरून हलवलं, तेव्हा कुठे ते भानावर आले. आपलं काय चाललं होतं, ते त्यांनी त्याला समजावून सांगितलं. पहारेकऱ्याला ते पटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं त्यांना बाहेर मोकळ्यावर फिरायची सोय करून दिली.

पण विनोबा म्हणतात, त्या कोठडीतही मी मजेत होतो. दार बंद होतं, पण दिवस त्यांचा होता. पुन्हा सांगते, दार बंद होतं, पण दिवस त्यांचा होता.

हे बळ एका रात्रीत येत नाही. आई रुक्मिणीबाईंच्या तोंडून लहानपणी ऐकलेले अभंग त्यांना तिथे पुरले. पाठांतराला हल्ली घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतात, ते मला मुळीच पटत नाही. मुलांकडून हरिपाठ पाठ करून घ्या, मनाचे श्लोक पाठ करून घ्या. पुस्तक कुणीही काढून घेईल. पाठ असलेलं कोण काढून घेणार?

आणि आतलं स्वातंत्र्य मिळालं म्हणून बाहेरचं नको, असं त्यांनी कधी मानलं नाही. स्वराज्यासाठीच तर ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलले, आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. तीच ‘गीता प्रवचने’. घरी असतील तर चौथ्या आणि पाचव्या अध्यायांवरची प्रवचनं आधी वाचा. कर्म करत असतानाही माणूस आतून मोकळा कसा राहतो, ते तिथे सोप्या मराठीत, घरगुती दाखले देऊन सांगितलं आहे.

नमस्कार.