केस सिस्टरनं मांडावी

सिस्टर, आशाताई आणि डॉक्टर मंडळींनो, मुंबईच्या हॉस्पिटलात ‘आता घरी न्या’ असं सांगितलेला कॅन्सरचा रुग्ण कोकण रेल्वेनं गावी उतरतो, आणि त्या दिवसापासून तो तुमचा होतो. मुलं मुंबईला, घर डोंगराच्या अंगाला, रिक्षा खालच्या सडकेपर्यंतच. घरापर्यंत चढून जाते ती उपकेंद्राची सिस्टर. तिला काही येत नाही, असं मला मुळीच वाटत नाही. अडलं तर विचारायचं कुणाला, ही तिची अडचण आहे.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरांनी २००३ साली याच अडचणीवर ‘इको’ ही पद्धत काढली. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी रुग्णांना लांबून शहरात यावं लागे. त्यांनी उलट गावोगावच्या डॉक्टरांनाच ठरल्या वेळी व्हिडिओवर जमवलं आणि एकेका रुग्णावर चर्चा सुरू केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात गावातल्या आणि तुरुंगातल्या उपचारांचा गुण विद्यापीठाच्या दवाखान्याइतकाच आला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या पॅलियम इंडिया या संस्थेनं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी शुश्रूषा, शिकवायला हीच पद्धत घेतली.

तशीच व्हिडिओवरची बैठक आपण भरवली असं धरा, आणि आता आपल्याकडची केस घ्या. राजापूरकडच्या एखाद्या वाडीत तोंडाच्या कॅन्सरचे आजोबा आहेत. गालाची जखम उघडी, तिला वास येतो, म्हणून त्यांची खाट पडवीत. सून ताट ठेवते आणि मागे फिरते. डॉक्टरनं केस मांडली तर गाठीचा आकार आणि औषधांची यादी येईल. ते ताट फक्त सिस्टर सांगेल, कारण ते तिनंच पाहिलंय. मग तज्ज्ञ सांगतील की मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाका, वास उतरतो. आणि दुसऱ्या तालुक्यातली सिस्टर म्हणेल, ‘ड्रेसिंग ओढू नका हं, मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं भिजवून काढा, रक्त येत नाही.’ वास गेला की सून जवळ बसते. म्हणून माझा आग्रह आहे, केस सिस्टरनंच मांडावी, आणि डॉक्टरांनी तोवर मधे बोलू नये. रुग्णाचं नाव आणि चेहरा मात्र पडद्यावर येता कामा नये.

पावसात रेंज जाते, मान्य. फोनवर नुसता आवाज आला तरी चालतं.

एक गोष्ट मात्र पडद्यावरून मिळत नाही, ती म्हणजे तीव्र वेदनांवरचं औषध, मॉर्फिन. तोंडानं घ्यायची साधी गोळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ होण्याचं औषध, हे आपण सगळे शिकू. पण गोळी जिल्ह्यात हवी ना! २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिनसाठी जुन्या ढीगभर परवान्यांची गरज नाही. त्या मान्यतेसाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतो. इथल्या डॉक्टरांपैकी कोण ते प्रशिक्षण घेणार आणि कोणत्या रुग्णालयातून मान्यतेचा अर्ज जाणार, ती नावं आजच लिहून घेऊया.