गुण्यात आलं का?

(दृश्य : शाळेमागचं मोकळं मैदान, सकाळ)

जमिनीत ठोकलेल्या खुंट्या, ताणलेली दोरी आणि टेप. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण झाली, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर. आता या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरायला हवं. भरलं चार फूट अकरा इंच.

म्हणजे कोपरा आत दबलाय. खुंटी उपटा, जरा बाहेर घ्या, पुन्हा मोजा.

वर्गात फळ्यावर याला पायथागोरसचं प्रमेय म्हणतात. गवंडी म्हणतात, गुण्या काढणं, म्हणजे कोपरा काटकोनात आणणं. प्रमेय चुकलं तर एक मार्क जातो. इथे चुकलं तर भिंत तिरकी जाते, आणि ती गावाला रोज दिसते.

(दृश्य : पाबळचा रस्ता)

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ. कमी पावसाचं गाव. बाहेरचे लोक इथे येतात ते बहुधा मस्तानीची समाधी बघायला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग आले ते मात्र राहायलाच. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस पत्नी मीराताईंसह इथे आला आणि विज्ञान आश्रम सुरू झाला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल चालायला, बोलायला शिकतं ते करून करून. मग शाळेत आल्यावर त्याचे हात बांधून का ठेवायचे? काम करत शिकण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होतीच. पण सूतकताईच्या जागी कलबागांनी वेल्डिंग आणलं, वायरिंग आणलं, माती-पाण्याची तपासणी आणली.

(दृश्य : कार्यशाळा)

आश्रमाचा हा कार्यक्रम शाळांमध्ये चालतो. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य हे चारही विभाग प्रत्येकाच्या वाट्याला येतात, मुलगा असो की मुलगी. चौदाव्या वर्षी कुणाच्या कपाळावर ‘वेल्डर’ असा शिक्का मारायचा नाही, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. कारण आपल्याकडे अजूनही हाताचं काम म्हटलं की ‘ढ’ मुलांची सोय. गणितात नापास झाला, टाका आयटीआयला! आणि त्याच घरात गिझर बिघडला की दोन दिवस इलेक्ट्रिशियनच्या विनवण्या.

आता या मुलीकडे बघा. काळी काच डोळ्यांपुढे धरलीय. वेल्डिंगचा रॉड टेकवला आणि चिकटला. झटका देऊन सोडवला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा ठिणगी धरली. थोडं अंतर राखून, हात न थरथरवता रॉड पुढे न्यायचा. मग हातोडीनं वरची खपली टिपून काढायची. आत टाका भरलेला दिसला तर ठीक, भोकं दिसली तर घासा आणि पुन्हा करा.

हा सराव नाही बरं का. हा शाळेचाच बाक आहे. त्यावर कुणीतरी बसणार आहे.

शिकवणारा बहुतेक वेळा गावातलाच कारागीर असतो, ज्याचं पोट याच धंद्यावर चालतं. त्यामुळे ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यातला फरक त्याला पुस्तकात शोधावा लागत नाही.

(दृश्य : त्रिकोणी सांगाड्यांचा घुमट)

शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी आश्रमात वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे. हे त्रिकोण जोडून उभारलेले पाबळचे घुमट. एक पट्टी जरी आखूड कापली गेली, तरी शेवटचा त्रिकोण मिटत नाही. २००२ साली इथे फॅब लॅब आली, म्हणजे संगणकावर आखून यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक.

दहावीनंतरच्या वाटा बहुतेकांना ठाऊक असतात. आयटीआयमध्ये वेल्डर एक वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतनासह. पण हात कुठे रमतो, हे त्याआधी कळलेलं बरं.

(दृश्य : बाक तयार, मुलगी वहीत लिहिते आहे)

लोखंडी अँगल किती फूट, रॉड किती, रंग किती, वीज किती. वहीत प्रत्येक कामाचा हिशेब असतो. बेरीज दोनदा तपासून होते. मग मजुरीच्या रकान्यापाशी पेन थांबतं.

“सर, आमचे किती लावू?”