कुपीपासून केंद्रकापर्यंत

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या कुपीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव.)

या कुपीत डीएनए लस आहे, पण विषाणू नाही. मेलेला नाही, दुबळा केलेलाही नाही. आहे तो डीएनएचा एक गोल तुकडा, प्लाझमिड. विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन कसं बनवायचं, एवढीच माहिती त्यात आहे. ई. कोलाय जिवाणूंमध्ये तो वाढवतात, शुद्ध करतात आणि टोचतात. मग आपल्याच पेशी ते प्रथिन तयार करतात आणि रोगप्रतिकारशक्ती त्याला ओळखायला शिकते.

२०१६च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूबाबत आणीबाणी जाहीर केली. ऑगस्टमध्ये अमेरिकेत डीएनए लसीची माणसांवरची चाचणी सुरूही झाली होती. हा वेग खरोखर थक्क करणारा आहे. पण खरी कसोटी टोचल्यानंतर लागते.

(दृश्य: उडणारा कॉन्डोर.)

हा कॅलिफोर्निया कॉन्डोर. १९८७ साली जगात यांची संख्या उरली होती अवघी २७. पुढे डासांमुळे पसरणारा वेस्ट नाइल विषाणू यांच्या दिशेनं सरकू लागला, तेव्हा २००३ मध्ये या पक्ष्यांना डीएनए लस टोचली गेली. २००५ मध्ये याच विषाणूविरुद्धच्या, घोड्यांसाठीच्या डीएनए लसीला परवाना मिळाला.

माणसाच्या बाबतीत मात्र गाडी अडली. लस टोचल्यावर उंदरांत भरपूर प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून रोखणारी प्रथिनं, दिसायची; माणसांत जेमतेम. कारण डीएनएला आधी पेशीचं आवरण ओलांडावं लागतं आणि मग केंद्रकाचंही. बहुतेक प्लाझमिड वाटेतच नष्ट होतात. म्हणून टोचल्या जागी विजेचे क्षणिक झटके देतात. पेशींच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पडतात, डीएनए आत शिरतो. दुसरा मार्ग सुईविना, दाबाच्या झोतानं लस त्वचेत सोडण्याचा. भारतानं ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर केलेली कोविडवरची झायकोव्ह-डी अशीच दिली गेली. माणसांसाठी मंजूर झालेली ही जगातली पहिली डीएनए लस.

डेंग्यूचं कोडं याहून अवघड. त्याचे प्रकार चार. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला रोखायला अपुरी पडली, तर त्याला चिकटून उलट पेशीत शिरायला मदत करतात आणि आजार बळावतो. म्हणजे इथे अर्धवट लस धोक्याची. चारही प्रकारांविरुद्ध भक्कम संरक्षण हवं, तेही टिकणारं. पहिल्या हंगामातले आकडे चांगले आले म्हणून चाचणी आटोपती घेता येत नाही. प्रतिपिंडं उतरणीला लागल्यावर काय होतं, ते पाहण्यासाठी लस घेतलेल्यांवर पुढची कित्येक वर्षं लक्ष ठेवावं लागतं.