प्रवाह परत कोणत्या वाटेने येतो?

[ऑसिलोस्कोपचा पडदा. चौकोनी लहर. प्रत्येक उभ्या कडेच्या टोकाला बारीक थरथर.]

पडद्यावरची ही चौकोनी लहर एका साध्या पॉवर सप्लायच्या पोटातली आहे. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतो आणि त्या जोरावर एक व्होल्टेज दुसऱ्यात बदलतं. चालू असताना ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज जवळजवळ नसतं, बंद असताना त्यातून प्रवाह नसतो, म्हणून वीज फारशी वाया जात नाही. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, सोलर इन्व्हर्टर, विजेवरची गाडी, सगळीकडे हाच खेळ.

आता कडेवरची थरथर बघा. लहर चढते, पण वर पोचल्यावर लगेच स्थिरावत नाही, काही क्षण कापत राहते. ही थरथर आणि ही उभी कड मिळून जो गोंगाट करतात, तो शेजारच्या उपकरणांत शिरतो. पुस्तकात त्याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. काम करणारे नुसतं ईएमआय म्हणतात, आपणही तेच म्हणू.

चौकोनी लहर ही एकटी नसते. १०० किलोहर्ट्झवर चालणारा सप्लाय ३००, ५००, ७०० किलोहर्ट्झवरही बोलत असतो, आणि पुढे कितीतरी मेगाहर्ट्झपर्यंत. मूळ वारंवारतेच्या पटीतल्या या लहरी म्हणजे हार्मोनिक. ते किती वरपर्यंत दमदार राहणार, ते कडेच्या वेगावर ठरतं. कड २० नॅनोसेकंदांत चढत असेल, तर साधारण १६ मेगाहर्ट्झनंतर ते झपाट्याने उतरू लागतात. कड ५ नॅनोसेकंदांची झाली, की हाच उतार ६४ मेगाहर्ट्झपाशी सुरू होतो. गॅलियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइडचे ट्रान्झिस्टर याच वेगासाठी घेतले जातात. सप्लाय लहान होतो, कार्यक्षमता वाढते, आणि ईएमआयची चाचणी पार करून देणाऱ्या इंजिनिअरची झोप उडते.

[चाचणी प्रयोगशाळा. रिसीव्हरच्या पडद्यावर आलेख, त्यावर मर्यादेची लाल रेघ.]

या लाल रेघेचा इतिहास रेडिओपासून सुरू होतो. सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ साली उभी राहिली, ती रेडिओच्या कार्यक्रमात येणारी खरखर आटोक्यात ठेवायला. गोंगाट मोजायची एक जुनी पद्धत, क्वासी-पीक, आजही वापरात आहे. अधूनमधून होणारी टक-टक कानाला कमी खुपते आणि सलग खरखर जास्त, हा हिशेब त्या मापकात बसवलेला आहे. ऐकणारा माणूस समोरून गेला, त्याचा कान मात्र नियमात राहिला.

वायरीतून बाहेर पडणारा गोंगाट साधारणपणे १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झमध्ये मोजतात, हवेतून पसरणारा त्याच्या वर. घरगुती उपकरणाला ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झदरम्यान सरासरीची मर्यादा आहे ४६ डेसिबल-मायक्रोव्होल्ट. म्हणजे २०० मायक्रोव्होल्ट. आत मेन्समधून आलेल्या ३२५ व्होल्टची उलथापालथ चाललेली, आणि बाहेर वायरीवर एका व्होल्टच्या पाच हजाराव्या भागापेक्षा जास्त दिसायला नको. अनेक चार्जर ६५ किलोहर्ट्झवर का चालतात, याचं एक उत्तर इथे मिळतं: दुसरा हार्मोनिक १३० वर येतो, मोजणी सुरू व्हायच्या आधीच. गाड्यांमधले बरेच कन्व्हर्टर थेट २.१ मेगाहर्ट्झवर नेलेले असतात, एएम रेडिओच्या पट्ट्याच्या पलीकडे.

पण वारंवारता हुशारीने निवडली म्हणून गोंगाट नाहीसा होत नाही. त्याला गाठायचं तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो: हा प्रवाह परत कोणत्या वाटेने येतो?

[बक कन्व्हर्टरचा बोर्ड, अगदी जवळून. इनपुट कपॅसिटर आणि दोन ट्रान्झिस्टर यांच्याभोवती लाल वर्तुळ रेखलं जातं.]

हा व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर. कॉइलमधला प्रवाह बऱ्यापैकी शांत असतो, थोडा चढतो, थोडा उतरतो. खरी धुमश्चक्री चालते ती इनपुट कपॅसिटर, वरचा ट्रान्झिस्टर आणि खालचा ट्रान्झिस्टर, या तिघांच्या वळशात. इथे प्रवाह शून्यावरून १० अँपिअरवर उडी मारतो, तीही १० नॅनोसेकंदांत. ढोबळ हिशेबाने तांब्याच्या सेंटीमीटरभर पट्टीत १० नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध. प्रवाह बदलण्याच्या वेगाशी त्याचा गुणाकार करा: एवढ्याशा पट्टीवर १० व्होल्ट उभे राहतात. थरथर येते ती इथून.

म्हणून कपॅसिटर ट्रान्झिस्टरला अगदी चिकटून बसवायचा आणि लगेच खालच्या थरात तांब्याचा अखंड पत्रा ठेवायचा. उच्च वारंवारतेला परतीचा प्रवाह आपोआप वरच्या पट्टीच्या बरोबर खालून वाहतो, कारण तिथे इंडक्टन्स सर्वांत कमी. त्या पत्र्यात चीर पडली, मग ती दुसरी एखादी पट्टी काढायला पाडलेली का असेना, की प्रवाहाला वळसा पडतो आणि तो वळसा अँटेना होतो. सर्किटच्या आकृतीतलं ग्राउंडचं चिन्ह या बाबतीत फार फसवं. दहा ठिकाणी तेच चिन्ह काढलं म्हणून त्या दहा जागा बोर्डावर एक होत नाहीत.

ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकाला, थोडा रोध लावून कड मंदावता येते, किंवा रोध-कपॅसिटरचा स्नबर लावून थरथर जिरवता येते. दोन्हींची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

[ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक. ठिपक्यांची रेघ हीटसिंकपासून मेटलच्या खोक्यापर्यंत जाते.]

दुसरी वाट जास्त छुपी, कारण आकृतीत ती काढलेलीच नसते. ट्रान्झिस्टर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये पातळ इन्सुलेशन असतं. दोन धातू, मध्ये इन्सुलेशन: झाला कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमध्येही तसंच. समजा तो फक्त २० पिकोफॅरड आहे. ३२५ व्होल्ट २० नॅनोसेकंदांत बदलले, की त्यातून क्षणभर सुमारे एक तृतीयांश अँपिअर प्रवाह निसटतो. तो हीटसिंकवरून खोक्यात, तिथून अर्थिंगमध्ये जातो आणि मेन्सच्या दोन्ही वायरींमधून एकाच दिशेने परत येतो. हा कॉमन मोड. चाचणीत उपकरणं नापास होतात त्यामागे बऱ्याचदा हाच असतो.

त्याला अडवण्याआधी जवळची वाट द्यावी. हीटसिंक डीसीच्या शांत टोकाला जोडला, की निसटलेला प्रवाह तिथल्या तिथे परततो. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा पडदा घालण्यामागेही तोच विचार. मेन्सकडची बाजू आणि अर्थिंग किंवा आउटपुट यांच्यामध्ये लावलेला वाय कपॅसिटरही हेच करतो, पण त्याला मोठं करता येत नाही, कारण मेन्सचा ५० हर्ट्झचा प्रवाहही त्यातून झिरपतो. दोन पिनच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवताना जी झिणझिण लागते, ती बहुधा याचीच. अशा जागी साधा कपॅसिटर चालत नाही. तो शॉर्ट झाला तर माणसाच्या जिवावर बेतेल, म्हणून वाय श्रेणीचाच लागतो.

एवढं केल्यावर जे उरतं ते कॉमन मोड चोकचं काम. एकाच फेराइट कड्यावर दोन गुंडाळ्या. कामाचा प्रवाह एकीतून जातो, दुसरीतून परततो, त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. दोन्हींतून एका दिशेने येणाऱ्या गोंगाटाला मात्र पूर्ण अडथळा.

फिल्टर घेऊनही फसगत होते. १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरच्या पायांत १ नॅनोहेन्री असला, तरी १६ मेगाहर्ट्झच्या वर तो कॉइलसारखाच वागतो. आणि उत्तम फिल्टर बसवून मेन्सची वायर ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरून नेली, तर गोंगाट फिल्टरला ओलांडून सरळ वायरीत उतरतो. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

एक उपाय मला अर्धामुर्धाच पटतो: स्प्रेड स्पेक्ट्रम. स्विचिंगची वारंवारता मुद्दाम थोडी मागे-पुढे हलवतात, म्हणजे एकेक उंच शिखर पसरून बुटकं होतं आणि लाल रेघेखाली येतं. एकूण ऊर्जा तेवढीच राहते. लेआउट नीट करून मग शेवटचे काही डेसिबल यातून मिळवले तर ठीक, सुरुवातच इथून करणं ही पळवाट.

[वायरीवर चिकटवलेला फेराइटचा ठोकळा. मग फिल्टरची आकृती.]

फिल्टर मोठा करत गेलं की आणखी एक अडचण उभी राहते. सप्लायला आउटपुटवर ठरलेली पॉवर द्यायचीच असते. इनपुट व्होल्टेज उतरलं, तर तो उलट जास्त प्रवाह ओढतो. म्हणजे फिल्टरला समोर ऋण रोध दिसतो. फिल्टरच्या कॉइल आणि कपॅसिटरचा स्वतःचा अनुनाद असतोच, त्याला हा ऋण रोध मिळाला की अख्खा सप्लाय हेलकावे खाऊ शकतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी १९७६ साली याची अट मांडली: फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सपेक्षा बराच कमी हवा. त्यासाठी फिल्टरच्या कपॅसिटरला समांतर दुसरा कपॅसिटर लावतात, साधारण चौपट मोठा आणि त्याच्यासोबत रांगेत एक रोध. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निवडला, तर त्याचा अंगचा रोधच पुष्कळदा पुरतो. मात्र थंडीत तो रोध बराच वाढतो, त्यामुळे ही तपासणी उपकरण जितक्या कमी तापमानाला चालवायचं आहे, तिथेही करावी लागते.